राइखेनबाखचा क्राइस आणि तेथील विणकर

जर्मन राज्यकारभारात 'क्राइस' नावाचा एक घटक आहे. आपल्याकडील तालुक्याशी त्याची साधारण तुलना करता येईल. त्याच्या प्रमुखाला 'लांडराट' म्हणतात. सायलेसिया प्रांतातील राइखेनबाख हा असाच एक क्राइस होता. आज जर्मनीच्या नकाशावर तो सापडणार नाही. एवढ्याशा मुलखाची कथा येथे कशाला, असे कोणी विचारील. आमचे निम्मे आयुष्य यंत्रमाग कामगारांची गाऱ्हाणी लिहून घेण्यात गेले, हेच त्याचे उत्तर.

दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १७४२ साली सायलेसिया जिंकून प्रशियाला जोडला, आणि राइखेनबाखचा कारभार प्रशियन पद्धतीने चालू लागला. १८१६ ते १८२० ही चार वर्षे हे गाव एका मोठ्या विभागाचे ठाणेही होते. पुढे तो विभाग मोडला. ही झाली दप्तरातली हकिगत. तिच्यात विणकर कोठेच नाही, आणि आमच्या मते खरी गोष्ट तीच आहे.

घरोघरी हातमाग होते. व्यापारी सूत देई, विणकर कापड विणून पोचवी. मग तपासणी. खोट काढली की मजुरी कापली! (ही तपासणी कशी चालते, हे आमच्या भागातील कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.) बाजारात यंत्राचे स्वस्त कापड आले, आणि व्यापाऱ्याने तो तोटा मजुरीतून भरून काढला. शिवाय, माग चालवतो म्हणून जमीनदाराला द्यावयाची पट्टी होतीच. दाद कोठे मागावी? लांडराट बहुधा जमीनदारांपैकीच असे, आणि क्राइसच्या सभेत मोठ्या जहागिरीच्या प्रत्येक मालकाला स्वतःचे मत असे. हा प्रकार १८७२ च्या कायद्यापर्यंत चालला.

दाद मागण्याची जागा नव्हती, तेव्हा माणसे व्यापाऱ्याच्या दारात गेली. जून १८४४ मध्ये पीटर्सवाल्डाऊ गावी त्स्वान्त्सिगर या व्यापाऱ्याच्या घरासमोर विणकरांनी त्याची निंदा करणारे गाणे म्हटले. एकाला पकडण्यात आले. ४ जूनला जमाव त्याला सोडवावयास व मजुरी वाढवून मागावयास गेला, आणि शेवटी घर, कोठार, हिशेबाच्या वह्या यांचा त्याने चुराडा केला. आग मात्र लावली नाही. त्या काळी विल्हेल्म वोल्फ याने हकिगत लिहून ठेवली आहे, तीत कारण दिले आहे : आग लावली असती तर मालकाला विम्याचे पैसे मिळाले असते! याला आंधळा दंगा म्हणणाऱ्यांनी एवढा एक तपशील ध्यानात घ्यावा. दुसरा एक व्यापारी बरा वागला, त्याच्या घराला कोणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी जमाव लांगेनबिलाऊला डीरिग या कारखानदाराकडे गेला. तेथे सैन्याने गोळी चालवली. अकरा माणसे मेली. पुढे ऐंशीहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या, तुरुंगाबरोबर फटकेही.

या तीन दिवसांवर गेर्हार्ट हाउप्टमान याने 'विणकर' हे नाटक लिहिले. १८९२ साली बर्लिनच्या पोलिसांनी त्याला बंदी केली. १८९४ मध्ये ते उघड रंगभूमीवर आले, तेव्हा सम्राटाने नाटकगृहातील आपली राखीव जागा सोडून दिली. सरकारला अकरा प्रेतांपेक्षा नाटकाचे भय अधिक वाटले, असे आम्हाला दिसते.

क्राइसची बाकीची कथा थोडक्यात. १९३२ साली शेजारचा निम्प्च क्राइस मोडून त्याचा मोठा भाग राइखेनबाखला जोडला. युद्धकाळात लांगेनबिलाऊ व पीटर्सवाल्डाऊ येथे ग्रोस-रोझेन छळछावणीच्या शाखा होत्या. कैद्यांना कारखान्यांत राबवीत. १९४५ मध्ये मुलूख पोलंडकडे गेला, जर्मन रहिवाशांना घालवून देण्यात आले, आणि हत्याकांडातून वाचलेले पुष्कळ ज्यू काही काळ तेथे राहावयास आले. १९४६ साली राइखेनबाखचे नाव मधमाश्यांचा अभ्यास करणाऱ्या एका धर्मगुरूवरून जेर्झोन्यूफ असे ठेवले. डीरिगची कंपनी मात्र बंद पडली नाही. तिने आपले बिऱ्हाड आउग्सबुर्गला हलवले.

पोलंडने १९७५ मध्ये आपले सगळेच तालुके मोडले व १९९९ मध्ये पुन्हा उभे केले. जेर्झोन्यूफला आज तालुक्याची कचेरी आहे, आणि १९३२ साली जोडलेले निम्प्च गाव अजून तिच्याच हद्दीत आहे.