अणुविद्युत केंद्रातील उमेदवारी

इंदूर शहरात होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी स्नेहलतागंज वस्तीतील एका घरचा प्रश्न आमच्या कानी आला. तो आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांच्या घरीही आज ना उद्या उभा राहणार, म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत. मुलगा यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला आणि राजस्थानातील रावतभाटा येथील अणुविद्युत केंद्रात एक वर्षाची पदवीधर उमेदवारी करण्याची संधी त्याच्यापुढे आली. किरणांनी पोर आजारी पडेल म्हणून आजीने डोळ्यांस पदर लावला. सरकारी नोकरी लागली म्हणून वडिलांनी शेजारी पेढे वाटले. आमच्या मते दोघांचाही अंदाज चुकला होता.

वडिलांची गोष्ट आधी घेऊ. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. पदवीधर व पदविकाधारक अभियंत्यांस १९७३ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आणले. ह्या कायद्याप्रमाणे उमेदवार हा शिकणारा होय, कामगार नव्हे. आणि करारात तसे कलम नसेल तर उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरविले. परगावी राहण्याजेवण्याचा खर्च वजा जाता त्यातून घरी काही धाडता येईल, अशी आशा बाळगू नये. जमीन गहाण टाकून मुलाला शिकविलेल्या घराने तर हा हिशेब पेढ्यांच्या आधी करावा.

पुष्कळांचा घोटाळा होतो तो ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेमुळे. ती निराळी. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने ती १९५७ साली सुरू झाली. तेथे निवडलेल्या पदवीधरास वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवितात आणि परीक्षांत उतरल्यास शास्त्रीय अधिकारी म्हणून सेवेत घेतात. मात्र त्याबद्दल तीन वर्षे नोकरी करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. तिची एक शाखा इंदुरातच आहे. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला १९८४ साली राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी बसविली. २००५ साली संस्थेचे नाव बदलले तरी गावकरी तिला ‘कॅट’च म्हणतात. तेथे वीज करणारी अणुभट्टी नाही, हेही सांगून ठेवू. तेथले काम लेसर किरणांचे व कणत्वरकांचे.

ह्या शाळेतून वर आलेले एक नाव ह्याच मुलुखातले आहे. डॉ. अनिल काकोडकर यांचा जन्म १९४३ साली बडवाणीस झाला. ते लहान असतानाच वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवामुक्तीच्या चळवळीपायी पोर्तुगीजांच्या कैदेत पडले. मुलाला वाढविले ते आई कमलाताईंनी. बडवाणी व खरगोण येथे शाळा झाल्यावर मुंबईस १९६३ साली त्यांनी यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि प्रशिक्षण शाळेतून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन १९६४ साली ते ट्रॉम्बेच्या सेवेत रुजू झाले. पुढे ध्रुव अणुभट्टीच्या रचनेत व उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि २००० ते २००९ ह्या काळात ते अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होते. कल्पक्कम येथील दोन अणुभट्ट्या निकालात काढण्याची वेळ आली असता त्या पुन्हा चालत्या करण्याच्या कामातही ते अग्रभागी होते. नवे यंत्र उभारणाऱ्याचा सत्कार होतो. बिघडलेले दुरुस्त करणाऱ्याचा क्वचितच होतो. आम्हांस ही दुसरी कामगिरी अधिक मोलाची वाटते.

आता आजीबाईंची भीती. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो बेताबाहेर अंगी लागला तर अपाय निश्चित. म्हणूनच तो मोजतात. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्यातील चकत्या ठरावीक मुदतीने तपासून त्या माणसाच्या वाट्यास किती किरण आले ह्याची नोंद होते. निसर्गातूनच माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट एवढे किरण मिळत असतात. आपल्या देशात अशा कामगारास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी फार तर ३०, अशी मर्यादा आहे. बचावाचे मार्ग तीन: थोडा वेळ थांबणे, दूर राहणे आणि मध्ये जाड आडोसा ठेवणे. अंतर दुप्पट केले की लहानशा उगमापासून येणारा मारा चौथाईवर येतो. चुलीजवळ बसणाऱ्या गृहिणीस हे वेगळे समजावून सांगावयास नको.

दूर राहण्याच्या ह्या युक्तीस इंदूरचा हातभार लागला आहे. २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत इंधनाच्या ३०६ नळ्या आडव्या बसविलेल्या असतात. काही वर्षांनी त्या सर्व बदलाव्या लागतात, आणि त्यांच्या तोंडाशी असलेले जोड कापणे हे मोठे जोखमीचे काम. इंदूरच्या केंद्राने ह्यासाठी असे लेसर यंत्र केले की किरण काचतंतूतून जोडापर्यंत जातो आणि कारागीर लांब उभा राहतो. नरोरा व काक्रापार येथे ते वापरले गेले.

प्रत्यक्ष उमेदवाराचे दिवस मात्र निराळ्याच गोष्टींत जातात. आधी पोलीस-चौकशी, मग फाटकाचा परवाना, मग सुरक्षेची व्याख्याने. निषिद्ध क्षेत्रात जाताना कपडे बदलावयाचे. बाहेर येताना हातपाय यंत्रावर तपासून घ्यावयाचे. एक बोल्ट आवळावयाचा तरी आधी लेखी कृती वाचावी, परवाना घ्यावा, काम झाल्यावर सही करावी आणि दुसऱ्याने ते पडताळून पाहावे. महाविद्यालयातून ताज्या उमेदीने आलेल्या तरुणाला ह्याचा वीट येतो. ‘हे काय अभियंत्याचे काम?’ असे तो घरी लिहितो.

होय, तेच काम. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली. टर्बाइन म्हणजे कोणत्याही वीजघरात असते तेच वाफेचे चाक. आगीत विजेच्या तारा जळाल्या आणि केंद्रास सुमारे सतरा तास वीज नव्हती. अंधारात काही कर्मचारी विजेऱ्या घेऊन वर चढले, झडपा हातांनी उघडल्या आणि बोरॉनचे द्रावण अणुभट्टीत सोडले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. आजीबाईंस आम्ही हेच सांगू: वाफ, आग, उंची आणि विजेचा धक्का ह्यांची धास्ती तिथेही धरावी, ह्या गोष्टी साध्या म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

योगायोग असा की ज्या चंबळ नदीचा उगम इंदूरजवळ महूच्या जानापाव डोंगरात आहे, तिच्याच पाण्यावर रावतभाट्याचे केंद्र उभे आहे. तेव्हा मुलगा अगदीच परमुलुखात चालला असे नाही.

त्याने जावे, असेच आमचे मत आहे. पण आधी कराराचा कागद वाचावा. करार सरकारदप्तरी नोंदला की नाही, राहण्याची सोय कोणाची, कोणत्या विभागात काम देणार, वर्षाअखेरीस प्रमाणपत्र कोण देणार, हे लेखी विचारण्यात संकोच कसला? कायद्याने धोक्याच्या उद्योगांत अठरा वर्षांखालील उमेदवार घेता येत नाही, आय.टी.आय. करणाऱ्या धाकट्या भावंडांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे. आणि ज्याला अणुशक्ती खात्यातच कायम राहावयाचे असेल, त्याने उमेदवारीच्या वर्षातच संध्याकाळी ‘गेट’ परीक्षेचा अभ्यास चालू ठेवावा, कारण प्रशिक्षण शाळेच्या मुलाखतीस बोलावताना त्या परीक्षेचे गुणही पाहतात. ती फेब्रुवारीच्या सुमारास होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता भरावे लागतात.