जीपचं मागचं चाक हवेत का राहतं? जादा पाटा टाकण्याआधी हे तपासा

कापडे (ता. पोलादपूर) : पावसाळा सरला की आपल्याकडच्या वाड्यांच्या रस्त्यांवर एक चित्र हमखास दिसतं. मोरी खचलेली, एका बाजूनं चर पडलेला आणि त्यात तिरकी अडकलेली जीप. मागचं एक चाक हवेत गरगर फिरतंय, दुसरं जमिनीवर आहे पण जागचं हलत नाही. माणसं उतरतात, दगड लावतात, ढकलतात. आत बाळंतपणाची बाई किंवा साप चावलेला माणूस असेल तर तो अर्धा तास फार मोठा असतो.

ड्रायव्हर म्हणतो, इंजिनात दम नाही. इंजिनात दम असतो. मागच्या एक्सलमधलं डिफरन्शियल मात्र मोकळ्या चाकाकडेच फिरणं देतं. एक चाक हवेत गेलं की जमिनीवरच्या चाकाला काहीच मिळत नाही. त्यामुळे आडवाटेच्या गाडीत खरी किंमत असते ती चाकाच्या चालीला, म्हणजे चाक पूर्ण वर दबल्यापासून पूर्ण खाली लोंबेपर्यंतच्या अंतराला.

महिंद्रनं १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा तिला चारही बाजूंना पाटे होते. पुढे बोलेरो आली, २०१० ची थार आली, तरी मागच्या बाजूचे पाटे राहिलेच. २०२० च्या नव्या थारला मात्र मागे कॉइल स्प्रिंग आहे. आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या पाट्यांवरच्या, म्हणून बोलायचं ते पाट्यांबद्दल.

आता आपली सवय बघा. भाताचा, खताचा हंगाम आला की गाडी मागून बसते. युरियाची गोणी ४५ किलोची. वीस गोण्या म्हणजे ९०० किलो, वर दोन माणसं. मग गॅरेजवाल्याला सांगायचं, "एक पाटा वाढव." गाडी उंच होते, मालक खूश. पण वर्षातले बरेच दिवस ती रिकामी किंवा चार माणसं घेऊन फिरते. आणि हिशेब सरळ आहे : वजनानं पाटा जेवढा दबलेला असतो, साधारण तेवढंच चाक चरात खाली उतरू शकतं. कडक पाटा रिकाम्या गाडीत दबतच नाही, मग चाक खाली उतरणार कुठून? उंची वाढली म्हणजे चाल वाढली, हा गैरसमज आहे. पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकणाऱ्यांचंही तेच. उंची मिळते, चाल आहे तेवढीच राहते, वर गाडी कलंडायची भीती वाढते.

नवीन सामान घेण्याआधी आहे ते मोकळं करा. पाटा दबला की सरळ होतो आणि लांबीला वाढतो. ती वाढ सामावून घ्यायला एका टोकाला शॅकल असतो, तो झोपाळ्यासारखा मागेपुढे हलतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. लाल चिखल बसून शॅकलचे बुश धरतात, पाट्यांच्या मध्ये गंज चढतो. मग पाटा वाकायचं सोडून फळीसारखा ताठ राहतो. सेट खोलून घासून काढा, मोडलेला किंवा सपाट झालेला पाटा बदला, बुश नवे टाका, जादा टाकलेला पाटा काढा. कंपनीचे मूळ पाटे मात्र कमी करू नका. एवढ्यानंच पुष्कळ गाड्या सुधारतात. यू बोल्ट जुने परत वापरू नका.

मग शॉकअप. चाक खाली जाताना बऱ्याचदा पाटा नाही, आखूड शॉकअपच अडवतो. तपासायला सोपं आहे. सपाट जागा घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत माप घ्या. जॅक चेसिसला लावा, हाऊसिंगला नाही, आणि चाक जमिनीवरून जेमतेम सुटेपर्यंत उचला. चेसिसखाली भक्कम ठोकळा दिल्याशिवाय आत हात घालायचा नाही. परत माप घ्या. फरक आला ती खालची चाल. आता शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. चाक आणखी खाली उतरलं तर शॉकअप आखूड आहे. लांब शॉकअप घेताना उलट बाजूही बघा : गाडी पूर्ण दबल्यावर आधी बंप रबर टेकलं पाहिजे, शॉकअप नाही. नाहीतर त्याचा डोळा तुटतो.

लांब शॅकल लावायचाही एक उपाय सांगतात. थोडी जागा मिळते, पण हाऊसिंगचा कोन बदलतो आणि शाफ्टचे क्रॉस लवकर जातात. माझ्या मते मालाच्या गाडीला त्या फंदात पडू नये.

सगळ्यात महत्त्वाचं ब्रेक. चेसिसवरून हाऊसिंगकडे जाणारा रबरी ब्रेक पाईप कंपनीच्या चालीपुरताच लांब असतो. चाक जास्त खाली उतरलं आणि पाईप ताणला, तर तो तुटेल तो बहुधा खड्ड्यातच. त्याच गाडीनं आपण आंबेनळी उतरतो. हँडब्रेकची केबलही तशीच बघा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी हाऊसिंगला जोडलेली असते. गाडी मागून उंच केली की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. अशी दांडी असेल तर ती मेकॅनिककडून जुळवून घ्या.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. दुरुस्ती आणि मूळ मापाचं सामान बदलणं याला अडचण नाही. पण कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली चालत नाही. प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, कैदही होऊ शकते. पाट्यांच्या जागी कॉइल बसवायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा.

काम झाल्यावर गाडी चार दिवस आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चालवा आणि परत गॅरेजला न्या. नवे यू बोल्ट थोडे सैल होतात, ते कसून घ्यावे लागतात.