मणी ऐकत नाही

कुत्र्यांची संगत मला लहानपणापासूनची. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या मळ्यावर एक कारवानी कुत्री होती. लांब तोंडाची, पोट खपाटीला गेलेली, वाऱ्यासारखी धावणारी. तिला कोणी काही शिकविले नव्हते. खंडोबाजवळ कुत्रा, दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्री, अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कुत्र्यांविषयी आपणांस सर्व काही ठाऊक आहे असे वाटू लागते. मलाही साठी उलटेपर्यंत तसेच वाटत होते. तो समज चेन्नईत एका पिल्लाने उतरविला.

मुलाच्या नोकरीमुळे आम्ही उभयता अड्यारला राहावयास आलो. तमिळनाडूत देशी कुत्र्यांच्या जाती पुष्कळ: कोंबै, चिप्पिपारै, कन्नी आणि विरुदुनगर जिल्ह्यातील गावाच्या नावाने ओळखला जाणारा राजपाळयम. हा शिकारी कुत्रा रंगाने दुधासारखा पांढरा आणि नाकाने गुलाबी असतो. 2005 साली डाक खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत आपल्या परिचयाच्या मुधोळच्या शेजारी राजपाळयमलाही स्थान मिळाले होते. असेच एक पिल्लू घरी आले. शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजीबाईंनी, त्याचे नाव ‘मणी’ ठेवून टाकले. या प्रांती निम्म्या कुत्र्यांचे नाव मणी असावे, असा माझा अंदाज आहे.

मणी देखणा होता, खेळकर होता. पण ऐकत नव्हता. आम्ही मराठीत ‘ये’ म्हणत होतो, पाट्टी तमिळमध्ये ‘वा’ म्हणत होत्या, आणि तो दोघांकडेही पाठ करून कुंडीतली माती उकरीत बसे. “त्याला तुमची भाषा कळत नाही,” असे पाट्टी म्हणत, आणि मलाही ते काहीसे पटे. पुढे मात्र माझा संयम सुटू लागला. फाटकाबाहेर गेलेला मणी हाकेला परतत नसे. वाहनाचा भोंगा वाजला तरी रस्त्याच्या मधोमध उभा राही. शिस्त लागली पाहिजे, या विचाराने मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारू लागलो. प्रत्येक फटक्याला तो वळून माझ्याकडे पाही. त्या नजरेत भीतीपेक्षा आश्चर्य अधिक असे. मी त्याला कोडगेपणा म्हणत होतो.

संशय प्रथम आला तो सौभाग्यवतींना. एका दुपारी त्यांच्या हातून पितळी परात फरशीवर पडली. बाहेरच्या ओट्यावर झोपलेले मांजर उडून पळाले. आत उशाशी पाय पसरलेला मणी हललाही नाही. “हा ऐकत नाही म्हणता, पण याला ऐकू येते का?” त्यांनी विचारले. मराठीत एकाच शब्दाने आपण दोन्ही गोष्टी बोलतो. इतके महिने मला त्यांतली एकच सुचली होती.

पशुवैद्यांनी तो पाठमोरा असताना, वारा लागणार नाही इतक्या अंतरावरून टाळी वाजविली, किल्ल्या वाजविल्या. कानही हलला नाही. मग त्यांनी कारण समजावून दिले. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात आणि तेथील रक्तपुरवठ्याचा थर त्यांच्यावर अवलंबून असतो. अगदी पांढऱ्या कुत्र्यांत काही वेळा या पेशी तेथवर पोहोचतच नाहीत. मग जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याच्या पेशी मरतात आणि पुन्हा येत नाहीत. राजपाळयम, डालमेशियन यांच्यांत हा दोष आढळतो. पिल्ले एकत्र असताना तो लक्षात येत नाही, कारण बहिरे पिल्लू इतरांचे पाहून उठते, इतरांमागे धावते. एका कानाने बहिरा कुत्रा तर विजेच्या उपकरणाने तपासल्याखेरीज ओळखू येत नाही. अशा कुत्र्याची पैदास करू नये, हेही त्यांनी सांगितले.

त्या दिवशी घरी येऊन मी ती गुंडाळी उलगडली आणि रद्दीत टाकली. मणी नेहमीप्रमाणे माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. मला मात्र झोप लागली नाही.

मग शिक्षण सुरू झाले, ते माझे. तळहात खाली केला म्हणजे ‘बैस’, छातीकडे ओढला म्हणजे ‘ये’, अंगठा वर केला म्हणजे ‘शाबास’. खूण कळली की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. बहिऱ्या कुत्र्याला खुणा शिकविणे अवघड नाही, कारण कुत्री एरवीही आपल्या शब्दांपेक्षा आपले हातवारे अधिक वाचतात; अवघड असते ते आपण त्याच खुणा दररोज न बदलता करणे. लांब असेल तर जमिनीवर पाय आपटावा, त्याला हादरा कळतो. अंधारात विजेरी उघडमीट करावी. झोपेत एकदम हात लावू नये. दचकलेला कुत्रा चावू शकतो. आधी नाकाजवळ हात धरला की वासाने तो आपण होऊन जागा होतो. आणि रस्त्यावर साखळी कधीही सोडावयाची नाही.

साखळीचा शेजाऱ्यांनाही उपयोग होतो. पहाटे येथे घरोघरी उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम रेखलेले असते. पूर्वी मणीने पाट्टींच्या कोलमावरून दोनदा दौड केली होती, आणि भाषेची अडचण असूनही त्या काय म्हणाल्या ते मला नीट कळले होते. फिरावयास आम्ही सूर्य वर येण्यापूर्वी जातो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग निववितो, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत ते बाष्पीभवन मंदावते. आमच्या मळ्यावरील कोरडे ऊन आणि हे ऊन यांत हा फरक आहे, हेही मला येथेच कळले.

याच शहरात 1959 साली पुराच्या पाण्यात बुडणारी दोन पिल्ले कॅप्टन सुंदरम या वैमानिकाने घरी नेली आणि त्यांतून ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ उभी राहिली. रस्त्यावरची कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी व लसीकरण करावे, हा आग्रह या संस्थेने वर्षानुवर्षे धरला आणि 1996 साली महानगरपालिकेने तो मार्ग पत्करला. घरच्या कुत्र्याची जबाबदारी अर्थात घरच्यांची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा, आणि पालिकेचा परवाना. कोणताही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लशीसाठी रुग्णालय गाठावे. हळद-तिखट भरण्याचा आमच्या गावाकडचा उपाय मी स्वतः पाहिला आहे. तो करू नये.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतील तीन भटकी कुत्री फटाक्यांना भिऊन जिन्याखाली थरथरत बसली होती. मणी त्यांच्या शेजारी पसरला आणि गाढ झोपी गेला. तो उठेपर्यंत एकही जागची हलली नाही.

पाट्टींनीही आता खुणा आत्मसात केल्या आहेत. सकाळी कोलम पुरे झाले की त्या हात छातीकडे ओढतात आणि मणी कोलमाला वळसा घालून त्यांच्याकडे जातो. तरीसुद्धा त्या दर वेळी मोठ्याने ‘वा, मणी’ म्हणतातच. मीही ‘ये’ म्हणतो.