मागच्या सीटवरून स्टिअरिंगकडे

१९५५ च्या जानेवारीत टोयोटाने ‘क्राउन’ बाजारात आणली, तेव्हा तिचे मागचे दरवाजे उलटे उघडत. बिजागऱ्या मागे, कडी पुढे. दोन्ही दारे एकदम उघडली की कपाट उघडल्यासारखे दिसे. ही सोय ड्रायव्हरसाठी नव्हती, मागे बसणाऱ्या साहेबांसाठी होती. क्राउनच्या सोळा पिढ्या पाहताना म्हणूनच एक प्रश्न हाताशी ठेवावा: हिचा मालक बसतो कुठे?

त्या काळी निस्सान ऑस्टिनच्या, इसुझू हिलमनच्या आणि हिनो रेनोच्या गाड्या परवान्यावर बनवत होत्या. टोयोटाने मात्र घरच्याच बळावर गाडी घडवायचे ठरवले आणि ते काम अभियंते केन्या नाकामुरा यांच्याकडे सोपवले. दीड लिटरचे, ४८ अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेंशन. खडबडीत रस्त्यांवर टॅक्सीवाल्यांना हे नाजूक वाटेल, म्हणून सोबत ‘मास्टर’ नावाची दणकट गाडीही काढली. पण टॅक्सीवाल्यांनीही क्राउनच उचलली आणि १९५६ मध्ये मास्टर बंद झाली.

परदेशात मात्र डाळ शिजली नाही. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाभोवतीच्या लांबलचक रॅलीत क्राउन ४७ वी आली. ही टोयोटाची पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत. त्याच वर्षी अमेरिकेत नमुन्याच्या गाड्या गेल्या, पण तिथल्या महामार्गांच्या वेगापुढे हे इंजिन धापा टाकू लागले. काही वर्षांतच टोयोटाला तिथली क्राउनची विक्री थांबवावी लागली. पुढची अनेक दशके क्राउन मुख्यतः जपानची घरची गाडी राहिली, ती अशी.

१९६२ च्या दुसऱ्या पिढीतून १९६४ मध्ये ‘क्राउन एट’ निघाली, जपानची पहिली व्ही-एट प्रवासी गाडी. पण खरी कलाटणी १९६७ च्या तिसऱ्या पिढीने दिली. तोवर क्राउन म्हणजे कंपनीच्या किंवा सरकारी साहेबांची काळी गाडी. टोयोटाने जाहिरातीत ती पांढरी दाखवली. रंग बदलला तसा गिऱ्हाईकही बदलला. डॉक्टर, दुकानदार, छोटे कारखानदार स्वतः चालवायला क्राउन घेऊ लागले. मालक पुढच्या सीटवर आला.

या यशाने हुरळून १९७१ ची चौथी पिढी भलतीच गोलाकार झाली. लोकांनी तिला ‘कुजिरा’, म्हणजे देवमासा, असे नाव ठेवले. गिऱ्हाईक निस्सानच्या सेड्रिक आणि ग्लोरियाकडे वळले. १९७४ मध्ये पाचवी पिढी आली, ती पुन्हा सरळ रेषांची. हा चटका टोयोटा बरीच वर्षे विसरली नाही.

१९८३ च्या सातव्या पिढीची जाहिरात सांगे, ‘कधीतरी क्राउन’. कोरोलापासून सुरुवात करून पगार आणि हुद्दा वाढत गेला की शेवटी क्राउन, ही शिडी प्रत्येक पगारदाराला पाठ होती. १९८७ ची आठवी पिढी सुबत्तेच्या लाटेवर आली. तिच्यात रुंद बॉडीचाही पर्याय होता. १.७ मीटरहून रुंद किंवा दोन लिटरहून मोठ्या इंजिनाच्या गाडीवर वार्षिक कर जबर होता. १९८९ मध्ये ती करपद्धत बदलली आणि मोठी क्राउन अनेकांच्या आवाक्यात आली. मग जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. शिडी डगमगली, गिऱ्हाईक म्हातारे होत गेले.

पुढच्या पिढ्या वय उतरवण्याची धडपड आहेत. १९९५ मध्ये दहाव्या पिढीने स्वतंत्र चासी सोडली. त्याच वर्षी टॅक्सीसाठी ‘क्राउन कम्फर्ट’ वेगळी झाली. हाँगकाँगच्या लाल टॅक्सीत बसलेल्या मराठी प्रवाशाने क्राउनची ही बहीण नकळत पाहिलेली असते. २००३ च्या बाराव्या पिढीला टोयोटाने ‘झिरो क्राउन’ म्हटले, शून्यापासून सुरुवात म्हणून. २०१३ मध्ये तर चक्क गुलाबी क्राउन विकली.

१५ जुलै २०२२ रोजी सोळावी पिढी सादर करताना टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ तोयोडा यांनी जपानवर सत्ता गाजवलेल्या तोकुगावा घराण्याच्या पंधरा शोगुनांची आठवण काढली. पंधरा पिढ्यांनंतर राजवट बदलते, हा रोख. त्या दिवशी एकाऐवजी चार क्राउन दाखवल्या. पहिली विक्रीला आली ती उंच बैठकीची क्रॉसओव्हर आणि सुमारे चाळीस देशांत जाण्याचा बेत जाहीर झाला. अमेरिकाही त्यात आहे.

माझ्या मते हे धाडस नव्हे, उशिरा आलेले शहाणपण आहे. १९७१ मध्ये गाडी गिऱ्हाइकाच्या पुढे धावली, नंतर त्याच्याबरोबरच म्हातारी झाली. यातली दुसरी चूक अधिक महाग पडली. मात्र जुनी खूण पुरती पुसलेली नाही. पहिल्या क्राउनच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,५३० मिलिमीटर अंतर होते, २०२३ च्या क्राउन सेडानमध्ये ते बरोबर ३,००० आहे. मागच्या सीटची सोय अजूनही राखली आहे.