फियाटच्या दाराखालची पेटी

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे निघालं, की पाऊस गावागणिक वाढत जातो. शिनोली याच रस्त्यावर, घोडेगाव आणि डिंभे धरण यांच्यामध्ये आहे. पूर्वेला कांदा-बटाट्याचा मुलूख, पश्चिमेला भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. या पट्ट्यात जुनी प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्याला इंजिनाची फार चिंता नसते. १०८९ सीसीचं ते साधं यंत्र कुठलाही जुना मिस्त्री खोलून बसवतो. गाडी मरते ती पत्र्यानं, आणि पत्र्यात सगळ्यात आधी दाराखालच्या उंबरठ्यानं.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं पन्नाशीच्या दशकात बनवलेली ‘डुक्कर फियाट’ असो, १९६४ पासूनची ११००-डी असो किंवा १९७४ नंतर पद्मिनी म्हणून विकली गेलेली तीच गाडी असो, तिला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. जीपचा पत्रा सडला तर ती कुरूप दिसते, पण खालची लोखंडी शिडी भार पेलत राहते. फियाटमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भार फरशी आणि दोन्ही बाजूंचे उंबरठे उचलतात. उंबरठा म्हणजे आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा वरखालच्या कडांवर स्पॉट वेल्डिंगनं जोडून केलेली लांब, पोकळ पेटी. काड्यापेटीचं रिकामं कवच एका कडेनं ब्लेडनं कापून पिळून बघा, म्हणजे तळाची शिवण सुटलेल्या गाडीचं काय होतं ते कळेल. पत्रा तेवढाच असतो, ताकद मात्र गेलेली असते.

गंज बाहेरून आत येतो हा समज चुकीचा आहे. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी आणि चाकानं उडवलेला चिखल या पेटीत शिरतात. पाणी निघून जावं म्हणून तळाला भोकं असतात. खाचरातली चिकट माती ती बुजवते, आणि पेटी पुढे दिवाळीपर्यंत ओली राहते. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतली कड बहुधा कागदाइतकी उरलेली असते.

म्हणून आधी तपासणी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं उंबरठा ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला किंवा लांबी (पुट्टी) भरलेला भद्द वाजतो. लांबीवर लोहचुंबक चिकटत नाही. गालिचे उचलून फरशीची कड पाहा. मग एका बाजूला जॅक लावून हळूच उचला आणि दार उघडून बंद करा. दार अडकलं किंवा खांबालगतची फट वर-खाली वेगळी झाली, तर बॉडी वाकते आहे. अशा गाडीवर वरून पत्र्याचं ठिगळ मारून काळा रंग देणारे खूप भेटतील. ते काम स्वस्त असतं आणि माझ्या मते फसवं असतं, कारण ठिगळाखालचा गंज तसाच राहतो आणि पुढच्या माणसाला काहीच दिसत नाही.

कापण्याआधीची तयारी हाच या कामाचा जीव. गाडी सपाट जमिनीवर घ्या आणि घोड्या (जॅक स्टँड) चाकांजवळ, सस्पेन्शनखाली लावा, म्हणजे गाडीचं वजन रस्त्यावर पडतं तसंच पडेल. मधोमध टेकू दिला, तर बॉडी वाकलेल्या अवस्थेतच जोडली जाईल. दारं लावलेलीच ठेवा आणि त्यांच्या फटी जुळवून घ्या. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत आणि तिथून मागच्यापर्यंत इंची चौकोनी पाइप टाचून घ्या. दार बंद होईल अशा बेतानं तो आतल्या बाजूला बसवावा. एका वेळी एकच बाजू. बॅटरी काढा, पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहा, आणि पाण्याची बादली व वाळू हाताशी ठेवा.

स्पॉट वेल्डिंगचे ठिपके ८ मिमीच्या ड्रिलनं फोडायचे, तेही फक्त वरचा थर. छन्नीनं उचकटलं तर आतली चांगली कड फाटते. जुना तुकडा फेकू नका. कितीही सडलेला असला, तरी वाक कुठे आणि किती हे तोच सांगतो. त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापा. पद्मिनीचे तयार उंबरठे आता शोधूनही सहज मिळत नाहीत. पण चाकण-भोसरीच्या पट्ट्यात बेंडिंग मशिनवाले आहेत. साचा दिला, की ते सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वाकवून देतात. बाहेरच्या बाजूला २० गेज, म्हणजे साधारण ०.९ मिमी पुरतो. आतल्या बाजूला १८ गेज, म्हणजे १.२ मिमी घ्यावा. त्याहून जाड घेतला म्हणून मजबुती वाढत नाही. जाड आणि पातळ पत्रा जिथे भेटतो, तिथेच पुढे तडा जातो.

आधी आतला पत्रा, त्यावर दाराची फट पुन्हा तपासणं, मगच बाहेरचा. जोडाचे दोन प्रकार. कडेला कड भिडवून केलेला जोड दिसायला एकसंध असतो. त्यात सुमारे एक मिमी फट ठेवून सीओ-टू वेल्डिंगनं दोन-तीन सेंटिमीटरवर टाके मारायचे, तेही एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक असे. सलग ओढलं, की उष्णतेनं पत्रा लाटेसारखा वाकतो. साधं आर्क वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला भोकं पाडतं. दुसरा जोड कडांचा. वरच्या कडेत ६ मिमीची भोकं पाडून त्यातून खालच्या कडेवर वेल्डिंग भरायचं. कारखान्यातल्या स्पॉटची जागा हेच घेतं. जोडण्याआधी दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंना झिंक प्रायमर लावलाच पाहिजे, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

उरलेल्या हलक्या गंजावर लावायची जी काळी होणारी औषधं मिळतात, त्यांतल्या अनेकांत टॅनिक आम्ल असतं. आंबेगाव-जुन्नरचे आदिवासी जो हिरडा गोळा करतात, त्यात हाच टॅनिनचा गुण आहे. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी शाई व्हायची, तीच लोहाची प्रक्रिया. अर्थात हिरड्याचा काढा ओतून उंबरठा वाचत नाही. सुटा गंज खरवडून झाल्यावरच असल्या औषधाला अर्थ.

वेल्डिंग घासून झालं, की त्याच दिवशी प्रायमर. आषाढात उघडा पत्रा रात्रीत नारिंगी होतो, तेव्हा हे काम उन्हाळ्यात काढलेलं बरं. नुसता रेड ऑक्साइड ओलावा शोषतो, त्यावर रंग हवाच. शिवणीवर सीलंट भरा, पण तळाची भोकं मोकळी ठेवा. नेमकी हीच चूक चांगले मिस्त्रीही करतात. पोकळीत मेणाचं संरक्षक द्रव्य फवारा. जळकं ऑइल ओतायची आपल्याकडची पद्धत गंज थोपवते खरी, पण ते रबर फुगवतं आणि अंगणभर ठिबकतं.

१९७४-७५ च्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण मूळ रूप राखलेलं असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसेल तरच. त्यामुळे उंबरठ्याचा मूळ आकार सोडून चौकोनी पाइप कायमचा बसवण्याचा सोपा मार्ग टाळावा. कामाआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो कागदपत्रांसोबत ठेवावेत.