नोकरीनंतरची संध्याकाळ आणि श्रद्धेचे प्रश्न

शिक्षण संपते, नोकरी लागते, शहर बदलते आणि चर्चशी असलेला संबंध नकळत सैल होतो. शिकागो महाधर्मप्रांतात १९८१ साली त्यावर एक उपाय सुरू झाला: ‘थिऑलॉजी ऑन टॅप’.

विशी-तिशीतले कॅथलिक संध्याकाळी एकत्र जमतात. धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा एखादा प्रापंचिक वक्ता बोलतो. मग मोकळी प्रश्नोत्तरे, खाणेपिणे, ओळखीपाळखी. विषय प्रार्थनेपासून लग्न आणि नोकरीतल्या सचोटीपर्यंत. पुढे इतर शहरांत हे कार्यक्रम बार आणि रेस्टॉरंटमध्येही होऊ लागले.

व्याख्यानाइतकीच इथली सोबत मोलाची. परक्या शहरात असे मित्र मिळाले, की रविवारच्या मिस्साला एकटे जावे लागत नाही.

२०१८च्या युवाविषयक सिनडनंतर (बिशपांच्या सभेनंतर) पोप फ्रान्सिस यांनीही ‘ख्रिस्तुस विवित’ या उपदेशपत्रात तरुणांचे ऐकून घेण्यावर आणि त्यांना साथ देण्यावर भर दिला.