अपील मुंबईहून कोल्हापूरला जाते तेव्हा

सावंतवाडीकडच्या एखाद्या जमिनीचा वाद घ्या. दिवाणी न्यायालयात दाव्याचा निकाल लागला, ओरोसच्या जिल्हा न्यायालयात पहिले अपील झाले आणि दुसरे अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात बोर्डावर येण्याची वाट पाहत राहिले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या प्रकरणांची वाट तिकडे वळली.

मला थक्क करते ते हे की, या प्रवासात अपिलाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. पक्षकाराला ते नव्याने दाखल करावे लागत नाही. मिळालेली स्थगिती कायम राहते, मुदत मूळ तारखेवरूनच मोजली जाते. हे जमते, कारण अपील मुख्यतः कागदांवर चालते. साक्षीदाराला सहसा पुन्हा पिंजऱ्यात उभे करत नाहीत. वीस वर्षांपूर्वी कुणा म्हाताऱ्या शेजाऱ्याने ‘बांध आधीपासून इथंच होता’ असे सांगितले असेल, तर तो आज हयात नसला तरी त्याचा जबाब गठ्ठ्यातून कोल्हापूरला पोचतो आणि तितक्याच वजनाने वाचला जातो!

खरे तर इथे न्यायालय बदललेलेच नाही. कोल्हापूरला बसते तेही मुंबई उच्च न्यायालयच. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ मधल्या कलम ५१(३) प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने दुसऱ्या गावीही न्यायमूर्तींना बसवू शकतात. याच कलमाखाली १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ बसले. त्याला आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो अधिकार मान्य केला.

न्यायालय खरोखर बदलायचे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २४ आहे. त्याखाली जिल्हा न्यायालय आपल्या हाताखालच्या न्यायालयांत आणि उच्च न्यायालय एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात अपील वर्ग करू शकते. अर्ज नसला तरी स्वतःहूनही. राज्याची हद्द ओलांडायची असेल, तर कलम २५ खाली दिल्ली गाठावी लागते. वर्ग झालेले प्रकरण जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालवता येते.

सावंतवाडीच्या पक्षकाराला मात्र ही कलमे पाठ असण्याची गरज नाही. तारखेसाठी त्याला आता रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायला नको. सकाळी आंबोलीचा घाट चढून तो आपल्या वकिलाकडे पोचू शकतो.